सुगंधी फुलं घरात टिकवायची तर आधी त्यांची वेळ ओळखा

बागेतून आणलेल्या फुलाने दुपारी मान टाकली की लोक फुलदाणीतल्या पाण्याला नावं ठेवतात. बहुतेक वेळा चूक त्याआधीच, झाडापाशी झालेली असते. मोगरा, जाई, जुई, रातराणी, सोनटक्का, मधुमालती, निशिगंध ही मंडळी दिवस कलल्यावर उमलतात आणि अंधारात वास सोडतात, कारण त्यांना रात्री फिरणारे पतंग बोलवायचे असतात. सोनचाफा आणि गुलाब सकाळचे. पारिजातक रात्री फुलतो आणि उजाडता उजाडता गळतो. पहाटे एकाच फेरीत परडीभर खुडून आणायची पद्धत पूजेपुरती ठीक आहे. पण घरात दोन-चार दिवस वास दरवळत राहायला हवा असेल, तर प्रत्येक फुलाची वेळ वेगळी धरावी लागते.

सांगली-मिरजेकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवाही कोरडी असते. रात्रभर मुळांनी ओढलेलं पाणी पहाटे देठात भरलेलं असतं, आणि ऊन चढलं की ते पानांतून उडायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात देठासकट कापायचं फूल सकाळी सातच्या आत कापावं. आदल्या संध्याकाळी झाडाला पोटभर पाणी द्यावं. थंडीत एवढी घाई नको. तेव्हा संध्याकाळी कापलेला गुलाब उलट जास्त टिकतो, कारण दिवसभर पानांनी तयार केलेली साखर देठात जमलेली असते. पावसाळ्यातला त्रास वेगळा. पाकळ्यांत साचलेलं पाणी तसंच घरात आलं की दुसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके पडतात आणि बुरशी धरते. फूल उलटं धरून हलक्या हाताने झटकावं आणि अर्धा तास वाऱ्यावर ठेवावं, पंख्याखाली नको.

कात्री कुठली, हा प्रश्न आपल्या भागात सहसा पडत नाही. तासगाव, पलूसकडे घरटी द्राक्षछाटणीची कात्री असते आणि फुलांना ती उत्तम चालते. फक्त ती आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, पुसावी आणि पात्यांवरून स्पिरिटचा बोळा फिरवावा. छाटणीनंतर लावायच्या पेस्टचे, औषधाचे अंश पात्यांवर राहतात आणि झाडाचा रोगही तिच्यातून एका फांदीवरून दुसरीवर जातो. बोथट पात्यांची कात्री किंवा स्वयंपाकघरातली पिशव्या फोडायची कात्री घेऊ नये. तिने देठ कापला जात नाही, चेंगरतो, आणि चेंगरलेल्या टोकातून पाणी वर चढत नाही.

झाडापाशी जाताना अर्धी बादली पाणी बरोबर न्यावं. ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम होतं. देठाच्या आत केसासारख्या बारीक नळ्या असतात. देठ कापला की त्यांच्यातलं पाणी आत खेचलं जातं आणि त्या जागी हवा शिरते. एकदा हवेचा बुडबुडा अडकला की फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी फूल तहानलेलंच राहतं. म्हणून कापल्या कापल्या देठ बादलीत जावा. घरात आल्यावर परातीत किंवा टबात पाणी घेऊन देठाचं टोक पाण्याखाली धरावं आणि आणखी दोन-अडीच सेंटिमीटर कापून टाकावं. बुडबुडा त्या तुकड्याबरोबर निघून जातो.

काप तिरका घ्यावा. तिरक्या कापामुळे फूल दुप्पट पाणी पितं असं सांगतात, त्यात फारसा अर्थ नाही. खरं कारण साधं आहे: आडवा कापलेला देठ फुलदाणीच्या बुडाला चपखल टेकतो आणि तोंड बंद होतं. गुलाब, अनंत यांसारख्या लाकडी देठाच्या फुलांची टोकं बत्त्याने ठेचायची पद्धतही सोडून द्यावी. ठेचल्याने नळ्या चिरडतात, चोथा पाण्यात कुजतो आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं.

यानंतर फुलांना विसावा द्यायचा. खोल भांड्यात, देठ मानेपर्यंत बुडेल इतक्या पाण्यात, न्हाणीघरात किंवा जिन्याखाली अंधाऱ्या गार जागी दोन-तीन तास ठेवायचं. गुलाबासाठी हे पाणी कोमट घ्यावं, हात सहज बुडवता येईल इतकं. घाईत हा टप्पा गाळला जातो आणि नेमकी तीच फुलं पाहुणे यायच्या वेळी लोंबकळतात.

आता पाणी. सांगली शहरातलं नळाचं पाणी कृष्णेचं, ते फुलांना चालतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात देठाला पाणी ओढायला कष्ट पडतात. तिथे पिण्याचं आरओचं पाणी वापरावं किंवा पावसाचं साठवावं. पाणी मऊ करायचं यंत्र घरात असेल तर त्यातलं पाणी गुलाबाला देऊ नये. त्यात सोडियम वाढलेलं असतं आणि ते गुलाबाला बाधतं.

फुलाला पाण्यात तीन गोष्टी लागतात: थोडी साखर, थोडा आंबटपणा आणि जंतू मारणारं काहीतरी. एक लिटर पाण्याला हे प्रमाण धरावं:

साखर 3 चहाचे चमचे, सपाट (सुमारे 12-13 ग्रॅम)
लिंबाचा रस 2 चहाचे चमचे, गाळून
घरगुती द्रवरूप ब्लीच, 4 ते 5 टक्क्यांचं, पाव चहाचा चमचा

क्रम महत्त्वाचा आहे. साखर पूर्ण विरघळवायची, मग लिंबू घालून ढवळायचं आणि शेवटी ब्लीच. घट्ट ब्लीचवर लिंबाचा रस कधीही थेट ओतू नये, त्यातून क्लोरीनची वाफ निघते आणि ती छातीला लागते. खिडकी उघडी ठेवूनच हे करावं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर इथे नको. तिच्यातला चुना खाली बसतो आणि पाणी गढूळ करतो. लिंबू नसेल तर तुरटीचा हरभऱ्याएवढा खडा चालेल, तिनेही पाणी आंबट होतं.

ब्लीच घालायला मन होत नसेल तर साखरही घालू नका. नुसत्या साखरेच्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात, देठाचं टोक बुळबुळीत होतं आणि साध्या पाण्यापेक्षा फूल लवकर जातं. अशा वेळी साधं पाणी रोज बदलणं हाच चांगला मार्ग. औषधी पाणीसुद्धा उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, थंडीत तीन दिवसांनी बदलावं, आणि प्रत्येक वेळी देठ बोटाच्या पेराएवढा पुन्हा कापावा. अॅस्पिरिनची गोळी किंवा तांब्याचं नाणं टाकून काही साधत नाही. नाणं पाण्यात एवढं विरघळतच नाही.

भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं घ्यावं. पितळी गडवा दिसतो देखणा, पण लिंबू-ब्लीचच्या पाण्याने तो आतून हिरवा पडतो. पितळ वापरायचंच असेल तर आत काचेचा पेला बसवावा. आणि आधीच्या फुलांचा बुळबुळीत थर ब्रशने घासून काढल्याशिवाय कोणत्याच भांड्यात नवीन फुलं ठेवू नयेत. पाण्याखाली जाणारी पानं झाडून सगळी काढावीत. कुजणारं एक पान सगळं पाणी नासवतं.

मोगरा

मोगऱ्याला फुलदाणी मानवत नाही. फांदी कापून ठेवली तर उमललेलं फूल एका दिवसात गळतं आणि कोवळ्या कळ्या उमलतच नाहीत. म्हणून मोगरा कळीच्या रूपात खुडायचा आणि पसरट भांड्यात ठेवायचा.

कळी ओळखता आली पाहिजे. आज संध्याकाळी उमलणारी कळी टपोरी असते, हिरवट झाक जाऊन शुभ्र झालेली, बोटाने हलकं दाबलं तर किंचित मऊ लागणारी. घट्ट, टोकदार, हिरवट कळी खुडली तर ती तशीच सुकते, घरात वाढत नाही. संध्याकाळी घर भरून टाकायचं असेल तर दुपारी चार-पाचला खुडावी. खुडताना हिरव्या टोपीखालचा देठ नखाने तोडावा. पाकळ्या धरून ओढलं तर नळी टोपीतून सुटते आणि तासाभरात तपकिरी होते. काचेच्या वाडग्यात बोटभर पाणी घेऊन कळ्या देठ खाली करून तरंगत सोडाव्यात. साडेसहा-सातच्या सुमाराला त्या उमलतात आणि रात्री दहापर्यंत वास सर्वांत जोरदार असतो. बटमोगरा दाट पाकळ्यांचा, तो वाडग्यात जास्त वेळ आकार धरतो. मदनबाण लांबट कळीचा, गजऱ्याला जास्त शोभतो.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यासाठी राखायच्या असतील तर त्याच कळ्या केळीच्या पानात सैल गुंडाळून स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवाव्यात. डब्याच्या तळाशी ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं घालावं, पण कळ्यांना ते लागू नये. मध्ये पान हवंच. पाण्याचा थेंब जिथे बसतो तिथे डाग पडतो. बर्फाच्या कप्प्यात किंवा थेट बर्फावर ठेवलेल्या कळ्या काचेसारख्या होतात आणि बाहेर काढल्यावर काळ्या पडतात. गजरा करायचा तर सुईने ओवण्यापेक्षा भिजवलेल्या केळीच्या सोपटाने बांधावा. सुई टोचलेली जागा आधी काळी पडते, आणि सोपट स्वतः ओल धरून ठेवतं.

जाई-जुईलाही हीच रीत, फक्त दोन्ही जास्त नाजूक. जाईची कळी बाहेरून गुलाबी झाक असलेली घ्यावी. जुईची फुलं रात्रीच वापरावीत, सकाळपर्यंत ती मलूल होतात.

निशिगंध

घरात ठेवायला सर्वांत भरवशाचं सुगंधी फूल हेच. बाजारात गुलछडीची काडी म्हणून मिळतं ते. एकेरी पाकळीच्या जातीला वास जास्त, दुहेरी पाकळीची जात दिसायला भरदार. वासासाठीच ठेवत असाल तर एकेरी घ्या.

काडीवरची खालची एक-दोन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या फुगलेल्या असताना, जमिनीपासून चार बोटं ठेवून काडी कापावी. एकही फूल उमलायच्या आत कापली तर अर्ध्या कळ्या तशाच पिवळ्या पडतात. काडीचं शेंड्याचं टोक, शेवटच्या तीन-चार बारीक कळ्यांसह, खुडून टाकावं. त्या कळ्या उमलायच्या नसतातच, उगाच पाणी आणि साखर खातात. काढून टाकल्या की खालच्या कळ्या भराभर फुलतात. रोज सकाळी खालचं कोमेजलेलं फूल काढावं, दर दोन दिवसांनी देठ कापावा. अशी काळजी घेतली तर काडी सहा-सात दिवस चालते. खोली गार असेल तर एखादा दिवस जास्त.

निशिगंधाची काडी फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीने कळ्या मिटून राहतात, बाहेर काढल्यावर उमलत नाहीत आणि वासही बराच जातो.

गुलाब

वासाचा गुलाब आणि टिकणारा गुलाब सहसा एक नसतो. फुलांच्या दुकानातला लांब देठाचा गुलाब दहा दिवस उभा राहतो, पण त्याला नाक लावून काही मिळत नाही. अंगणातला गावठी गुलाब तीन-चार दिवसांचा पाहुणा, तो तेवढाच धरून चालावं.

कळीखालची हिरवी पानं मागे वळलेली आणि बाहेरची एखादी पाकळी सुटलेली असताना कापावा. फार घट्ट कळी कापली तर मान वाकते, कारण फुलाखालचा देठ अजून कोवळा असतो. फांदीवर खालच्या बाजूला पाच पानांची जोडपानं दोन तरी राखून, त्यातल्या वरच्या पानाच्या थोडं वर कापावं. तिथूनच पुढची फांदी फुटते. काटे फक्त पाण्याखाली जाणाऱ्या भागातले काढावेत, तेही सालीला धक्का न लावता. सगळा देठ चाकूने तासून काढला की साल सोलली जाते आणि जंतू तिथून शिरतात.

मान टाकलेला गुलाब फेकू नका. देठ पाण्याखाली तीन सेंटिमीटर कापा, फूल मान सरळ राहील असं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात मानेपर्यंत उभं ठेवा. तासाभरात बहुतेक गुलाब सरळ होतात. नाही झाला तर पाकळ्या काढून गुलकंदाच्या नादाला लागू नका. ब्लीचच्या पाण्यातलं फूल खाण्याकामी येत नाही.

सोनचाफा, अनंत, सोनटक्का

सोनचाफ्याला हात लावायचा तो फक्त देठाला. पाकळीवर नखाचा किंवा घामट बोटाचा ठसा उमटला की तासाभरात तिथे काळा डाग दिसतो. उजाडताना, पाकळ्या नुकत्या सुटायला लागलेल्या असताना, देठ फिरवून तोडावा. छोट्या फुलपात्रात देठापुरतं पाणी घालून एकेक फूल उभं करावं. दोन फुलं खोलीला पुरतात. राखायचा असेल तर कोरड्या डब्यात, ओल न लागू देता, फ्रिजमध्ये.

अनंताचं तसंच, पण तो त्याहून मानी. अर्धवट उमललेला, पाकळ्यांची गुंडाळी सैल झालेला अनंत दोन पानांसह कापावा आणि पानं पाण्यावर टेकतील असा पसरट वाडग्यात तरंगवावा. हिरवी घट्ट कळी घरात फुलत नाही. पांढऱ्याचा पिवळसर होईपर्यंत, दोन-तीन दिवस, वास टिकतो.

सोनटक्का श्रावण-भाद्रपदातला. एकेक फूल एकच दिवसाचं, पण तुऱ्यात मागून नवीन फुलं येत राहतात, म्हणून सुटी फुलं न खुडता दोन-तीन फुलं उघडलेला पूर्ण तुरा संध्याकाळी कापावा. पाणी फार पितो. भांडं वीतभर खोल हवं, आणि लांब पानांपैकी वरची दोनच ठेवावीत. पंख्याचा वारा याला अजिबात सोसत नाही, पाकळ्या फुलपाखराच्या पंखाइतक्या पातळ असतात.

रातराणीची फांदी दिवेलागणीला कापावी आणि दोन तृतीयांश पानं काढून टाकावीत, नाहीतर ती रात्रीतच वाळते. बंद झोपायच्या खोलीत ठेवू नये, डोकं धरतं. पडवीत किंवा उघड्या खिडकीपाशी ठेवावी. झाडाचे सगळे भाग विषारी असतात, लहान मुलांपासून आणि मांजरापासून दूर. कण्हेरीचंही तेच, आणि कण्हेर ठेवलेलं पाणीसुद्धा जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. पांढऱ्या चाफ्याच्या देठातून चीक येतो. त्याची सुटी फुलं पाण्यावर तरंगवली की काम झालं.

पारिजातकासाठी रात्री झाडाखाली धुतलेली जुनी साडी पसरावी. सातच्या आत वेचावा. धुवायचा नाही, पाकळ्या पाण्याने पारदर्शक होतात. ताटलीत ओलं फडकं अंथरून केशरी दांड्या त्यावर टेकवून मांडला तर दुपारपर्यंत राहतो. त्यापलीकडे त्याला कोणी थांबवू शकत नाही.

एक सांगून ठेवायला हवं: सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला जाणाऱ्यांनी ही कात्री घरीच ठेवावी. तिथे फूल तोडायला बंदी आहे, आणि तिथलं नाजूक फूल परतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट उतरेपर्यंतही तग धरत नाही.

जागा कुठली

पिकणाऱ्या फळांपासून फुलं लांब ठेवावीत. केळी, आंबे, चिकू, पेरू पिकताना इथिलिन वायू सोडतात, आणि त्याच वायूने फूल लवकर म्हातारं होतं, कळ्या गळतात. जेवणाच्या टेबलावर फळांची टोपली आणि फुलदाणी शेजारी शेजारी, हे चित्रात चांगलं दिसतं, प्रत्यक्षात नुकसानीचं. आपल्याकडच्या द्राक्षांचा मात्र फारसा उपद्रव नाही, ती असा वायू नावापुरताच सोडतात. फ्रिजमध्ये मोगरा ठेवतानाही या वायूमुळेच आंब्याचा डबा बाहेर काढावा. उदबत्तीच्या आणि गॅसच्या धुरातही हा वायू असतो, म्हणून देवघरातल्या फुलदाणीतली फुलं बैठकीतल्यांपेक्षा आधी कोमेजतात.

टीव्ही, फ्रिजची पाठ, पश्चिमेची खिडकी, पंख्याचा सरळ झोत, या चारही जागा टाळाव्यात. कुलरच्या ओल्या वाऱ्यातही पाकळ्या मिटतात आणि गळतात. वास हवा असेल तर फूल फार गार जागी असून चालत नाही. थंडीत सुगंधी तेलं उडत नाहीत, त्यामुळे फ्रिजमधून काढलेल्या मोगऱ्याला अर्धा तास तरी वास येत नाही. दारातून आत येताना नाकाला लागेल अशी, पण वाऱ्याच्या आड असलेली जागा शोधावी. आणि एका खोलीत एकच वास. निशिगंध आणि मोगरा शेजारी ठेवले की दोन्हींची मजा जाते.

राहिली बकुळ. तिला पाणी, फ्रिज, साखर काहीच लागत नाही. गळलेली फुलं वेचून, मधल्या नैसर्गिक भोकातून दोरा घालून माळ करावी आणि सावलीत सुकवून कपड्यांच्या कपाटात टांगावी. सुकल्यावरही तिचा वास कित्येक महिने राहतो. इतर फुलदाण्यांमधलं उरलेलं पाणी साधं असेल तर कुंड्यांना घालावं. ब्लीचचं असेल तर मोरीत ओतावं, तुळशीला घालू नये.